सासऱ्यांची थंडीतली गारी

आमच्या घरची जुनी मोटार फक्त थंडीत चालायची. तुळशीचं लग्न लागलं की सासरे शेडचं दार उघडून तिच्यावरची गोधडी काढायचे, आणि होळी पेटली की पुन्हा पांघरूण घालायचे. पावसात तिला बाहेर काढण्यात अर्थ नव्हता. तळाला पत्र्याची ठिगळं होती, त्यामुळे खड्ड्यातलं पाणी थेट पावलांवर यायचं. काच पुसणारा एकुलता एक वायपर चढ लागला की दमून मध्येच थांबायचा. उन्हाळ्यात ती तापायची. शहराच्या वाटेवरचा अंजूरफाटा गाठायच्या आतच बॉनेटमधून वाफ सोडत रस्त्याच्या कडेला उभी राहायची. राहिला हिवाळा. हिवाळ्यात एकदा चालू झाली की दिवसभर शहाण्यासारखी धावायची. अडचण एवढीच, की चालू व्हायची नाही.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. आमचं गाव कल्याणच्या बाजूला, दापोडे गावाजवळ. खाडीच्या बाजूची भातशेती भराव टाकून सपाट होत होती आणि तिथे एकामागून एक गोदामं उभी राहत होती. सासऱ्यांनीही माझ्या लग्नाआधीच एक मोठं शेत गोदामाला भाड्याने दिलं होतं. गावात ज्यांच्या ज्यांच्या हातात असा पैसा आला त्यांनी उंच, नव्याकोऱ्या, काळ्या काचांच्या गाड्या घेतल्या. सासरे मात्र जवळच्या शहरातल्या निजामपुऱ्यातून ही गाडी घेऊन आले, तीही ट्रॅक्टरला बांधून, ओढत.

त्यामागे त्यांची एक जुनी हौस होती. तरुणपणी ते सायकलवरून निजामपुऱ्यात दूध घालायचे. तिथल्या एका लूमवाल्या, म्हणजे यंत्रमागवाल्या, सेठच्या दारात ही काळी विलायती मोटार उभी असायची. मोठे गोल दिवे, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लांब फळ्या, आणि वळताना दिशा दाखवायला दारामागच्या खांबातून टुणकन बाहेर येणारा एक छोटा पिवळा हात. सासरे दूध मोजून देता देता तो हात बघत राहायचे. पुढे सेठ म्हातारे झाले, मुलांनी नव्या गाड्या घेतल्या आणि ही लूमच्या शेडमागे पडून राहिली. सासऱ्यांनी मागितली तेव्हा तिच्या इंजिनावर आणि सीटवर लूममधल्या सुताची बोटभर लव साचली होती, जणू गाडीला पांढरं मिसरूड फुटलं होतं. निघताना सेठ म्हणाले होते, "ले जाओ, मगर बड़ी नखरेवाली है. जाड़े में मनाना पड़ता है." थंडीत तिची मनधरणी करावी लागते, हे सेठचं वाक्य सासरे घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. हिंदी बोलताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

सासूबाईंना ती गाडी अजिबात पसंत नव्हती. त्या तिला 'म्हातारी' म्हणायच्या. "शेजारपाजारचे नव्या नवऱ्या आनतात, आमच्यात म्हातारी आनली," असं त्या भांडी घासता घासता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायच्या. पेट्रोलच्या वासाने चक्कर येते या कारणावरून त्या तिच्यात एकदाही बसल्या नव्हत्या.

माझं माहेर इगतपुरीचं. आमचं लग्न प्रेमाचं, कल्याणच्या कॉलेजात जमलेलं. सासरच्यांनी नाकं मुरडली नाहीत, पण सासरे माझ्याशी बोलत नसत. त्यांना संकोच वाटायचा. त्यांच्या पिढीत सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नव्हता, आणि ही सून तर शिकलेली, परक्या गावची, वेगळं बोलणारी. मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला तरी ते आतल्या खोलीकडे बघून म्हणायचे, "अगो, सूनबाईला सांग, आज साखर जास्ती झाली." सासूबाई आतून म्हणायच्या, "ती तुमच्या म्होरंच उभी हाय." मग ते चहा पिऊन टाकायचे.

गाडी चालू करायला दोन माणसं लागायची. एकाने समोर उभं राहून लोखंडी हँडल फिरवायचं आणि दुसऱ्याने आत बसून चोक सांभाळायचा. स्टार्टरचं बटण होतं, पण थंडीत ते दाबलं की फक्त एक कण्हण्याचा आवाज यायचा. आधीच्या हिवाळ्यात आत बसायचं काम माझा नवरा करायचा. लग्नानंतर त्याची नोकरी बदलली आणि तो पहाटेच घर सोडायला लागला. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी कोणीतरी खाकरलं. वळून बघितलं तर सासरे. कानाला मफलर, अंगात दोन स्वेटर, आणि नजर खाली चुलीकडे.

"पोरी," ते म्हणाले, "जरा गारीत बसशील?"

'गाडी'ला ते 'गारी' म्हणत. आमच्या गावातले सगळेच म्हणत. पण मला त्या क्षणी शब्द नीट समजलाच नाही, कारण ते थेट माझ्याशी बोलले होते. मी पिठाचे हात धुतले आणि त्यांच्या मागे गेले.

तो सगळा सोहळा मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिला. आधी इंजिनवर जुनं पोतं घालून त्यावर किटलीतलं गरम पाणी ओतायचं. मग चार प्लग काढायचे आणि ते गरम करायला स्वयंपाकघरात आणायचे. माझ्या तव्यावर. सासूबाई ओरडल्या, "तव्यावर भाकरी भाजायची का तुमच्या म्हातारीचे दात?" चिमट्याने एकेक प्लग उलटसुलट करत सासरे तव्याशी उकिडवे बसून राहिले. गरम प्लग फडक्यात गुंडाळून पळतपळत गाडीकडे न्यायचे, पटापट बसवायचे आणि ते निवायच्या आत हँडल मारायचं.

मी चालवायच्या जागेवर बसले. सीट थंडगार होती आणि तिच्यातली एक स्प्रिंग मांडीला टोचत होती. सासरे खिडकीतून वाकून सांगत होते, "ही दांडी म्हंजे चोक. पूरा बाहेर ओढ. पेंडल दाबू नको. नुसता पाय ठेव. ती खोकली का जरासा दाब. मग चोक आत ढकल, पन हळूहळू. एकदम ढकललास का रुसली."

ते समोर गेले. त्यांचं डोकं रेडिएटरच्या मागे दिसेनासं व्हायचं आणि मग हँडल वर ओढताना पुन्हा वर यायचं. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम आला. मध्येच मफलर काढून बॉनेटवर टाकला. मग गाडीने एकदा खोकल्यासारखं केलं. मी पाय दाबला. सगळी गाडी खालपासून वरपर्यंत थरथरली, मागून निळा धूर निघाला, अंगणातल्या कोंबड्या ओरडत पळाल्या आणि इंजिन चालू झालं. मी चोक इंचाइंचाने आत ढकलत होते. सासरे हात कमरेवर ठेवून कान देऊन ऐकत होते. त्यांनी बोट वर केलं की मी थांबायची, हलवलं की पुन्हा ढकलायची. शेवटी आवाज एकसारखा झाला. तेव्हा ते हसले. मी त्यांना हसताना तोवर पाहिलं नव्हतं.

"बस बाजूला," ते म्हणाले. "एक फेरी मारू."

त्या दिवसापासून तो रोजचा नेम झाला. फेरी म्हणजे गावातून बांधापर्यंत आणि परत. सकाळी खाडीवरून धुकं यायचं आणि शेतांवर पसरून राहायचं. आत आमच्या दोघांच्या श्वासाने समोरची काच पांढरी व्हायची. फडक्याने पुसून उपयोग नसे. मग सासरे एक स्क्रू फिरवून समोरची अख्खी काचच खालून उघडायचे. ती पुढच्या बाजूला खिडकीच्या झडपेसारखी वर उचलली जायची आणि धुक्याचा थंड झोत सरळ आमच्या तोंडावर यायचा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पायाखालच्या ठिगळांतून वारा साडीत शिरायचा. मी इगतपुरीची, इथल्या थंडीला हसणारी. पण त्या गाडीत माझे दात वाजायचे. दुसऱ्याच दिवशी मी नवऱ्याचे जाड मोजे घातले आणि अंगावर घोंगडी घेऊन बसायला लागले.

तरी मला त्या फेरीची ओढ लागली होती. कापलेल्या भाताच्या शेतात वाल वर आलेला असायचा. त्याच्या पानांवर दव असायचं. लोक काटक्या पेटवून शेकत बसलेले दिसायचे आणि आमची गाडी आली की हात शेकोटीवरून न काढता नुसती मान हलवून नमस्कार करायचे. सासरे गाडी चालवताना बोलायचे. समोर रस्त्याकडे बघायचं असल्यामुळे त्यांना माझ्याकडे बघावं लागत नव्हतं, आणि म्हणून बोलणं सोपं जात असावं. कुठल्या शेतात पूर्वी मीठ पिकायचं, कुठल्या वळणावर त्यांचे वडील होडी बांधायचे, लग्नात त्यांनी कोणाचा कोट उसना घातला होता. गाडीच्या आवाजामुळे अर्धं ऐकू यायचं नाही. मी "हो का" म्हणायची. एकदा ते म्हणाले, "तुमच्या इगतपुरीला गारी चढंल का गो?" मी म्हटलं, "कसारा घाटात बसेल बाबा, खाली." ते इतके हसले की गाडी डावीकडे गेली.

हळूहळू त्यांनी मला गाडीचं सगळं सांगितलं. थंडीत तेल घट्ट होतं म्हणून गिअर सुरुवातीला जोर मागतो. पहिल्या गिअरला क्लच दोनदा दाबावा लागतो. आणि हँडलचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंगठा. हँडलभोवती मूठ आवळायची नाही. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे इंजिनने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जातं. मूठ आवळली असेल तर हात मोडतो. हे ते दर सकाळी सांगायचे. चालवायला मात्र द्यायचे नाहीत. मी कल्याणला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले होते, लायसन्सही होतं, पण ते मिळाल्यापासून कपाटातच होतं. मी एकदा धीर करून विचारलं तेव्हा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

पौषात थंडी वाढली. एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की अंगणातून शेजारचं घर दिसत नव्हतं. मी आत बसले होते. सासरे बराच वेळ हँडल मारत होते. बोटं बधिर झाली होती म्हणून ते मध्येच हात काखेत धरून उभे राहायचे. मग पुन्हा वाकले, हँडल ओढलं, आणि इंजिनने धाडकन उलटा झटका दिला. मला फक्त आवाज आला आणि त्यांचं "आई गं" ऐकू आलं. मी दार उघडायला गेले तर ते ओरडले, "बस तिथंच! चोक सोरू नको!" आणि त्या माणसाने डाव्या हाताने पुन्हा हँडल मारलं.

गाडी चालू झाली.

मी खाली उतरले तेव्हा ते मडगार्डला टेकून उभे होते. चेहरा पांढरा पडला होता. उजवं मनगट जेवणाच्या काट्यासारखं वाकडं झालं होतं आणि बघता बघता सुजत होतं. सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "बघा! बघा तुमच्या म्हातारीनं काय केला!" असं म्हणत त्या रडायला लागल्या. मी म्हटलं, "मी रिक्षा बघून येते," पण त्या धुक्यात सकाळी गावात रिक्षा कुठून मिळणार? फाट्यापर्यंत चालत जायला हवं होतं. मी गाडी बंद करायला हात पुढे केला.

"बंद नको करू!" सासरे म्हणाले. "आता कुठं चालू झाली हाय ती. परत व्हायची न्हाय. तूच चालव."

"बाबा, मला नाही जमणार."

"जमल. मी बसतंय ना बाजूला."

सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून त्यांचा हात गळ्यात बांधला. मी बसले. क्लच दोनदा दाबला. गिअर खरर्कन ओरडला आणि पडला. गाडी अंगणातून अशी उसळली की तुळशीवृंदावन थोडक्यात वाचलं. सासरे डोळे मिटून, मनगट छातीशी धरून सांगत होते, "आता सोर... हळू... आता दुसरा... बरा झाला." प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडून एक हुंकार निघायचा, आणि मग लगेच पुढची सूचना. मला कळेना, त्यांचा जीव हातात अडकलाय की गाडीत.

मुख्य रस्त्याला लागलो तेव्हा समोरचं काही दिसेना. दोन्ही बाजूंना कंटेनर रांगेने उभे होते, आणि धुक्यात त्यांचे मागचे लाल दिवे अचानक अंगावर आल्यासारखे दिसायचे. आमचे दिवे कंदिलाएवढे. मी समोरची काच उघडली आणि स्टिअरिंगवर पुढे वाकून चालवत राहिले. ते स्टिअरिंग इतकं जड होतं की वळणावर दोन्ही हातांनी ओढावं लागायचं. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. सासरे म्हणाले, "वाजवू दे. तू रस्ता बघ." त्यांच्या आवाजात कसलीच घाई नव्हती. त्या आवाजामुळेच मी अंजूरफाटा ओलांडला. वळताना मी बटण दाबलं आणि खांबातला पिवळा हात बाहेर आला. तो परत आत जाईना. तसाच बाहेर ठेवून आम्ही शहरात शिरलो.

हाडांचे एक जुने डॉक्टर निजामपुऱ्यात बसायचे. वर घर, खाली दवाखाना. तिथे लवकर कोणीतरी भेटेल असं सासऱ्यांचं म्हणणं. गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंना लूमचा खडखडाट. कापडाच्या ताग्यांनी भरलेली एक हातगाडी समोर आडवी आली, मी ब्रेक दाबला, क्लच दाबायचा राहिला आणि गाडी बंद पडली.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला रडू यायला लागलं होतं.

रात्रपाळी नुकतीच सुटली होती. माकडटोप्या घातलेले, शाली पांघरलेले, केसांत आणि भुवयांवर सुताची लव अडकलेले कामगार चहाच्या टपरीभोवती उभे होते. त्यातला एक म्हातारा पुढे आला. त्याने गाडीकडे पाहिलं, पिवळ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे, ये तो सेठ की गाड़ी है!" मग खिडकीतून सासऱ्यांचा हात बघून त्याने मागे वळून हाक मारली, "छोड़ो चाय, धक्का मारो! चाचा का हाथ टूटा है!"

हातातले ग्लास टपरीवर ठेवून सातआठ जण मागे लागले. सासरे मला म्हणाले, "दुसऱ्या गिअरला टाक. क्लच दाबून धर. मी सांगल तेव्हा सोर." गाडी सरकायला लागली, वेग घेतला. सासरे म्हणाले, "सोर!" मी सोडला, गाडीने एक धक्का खाल्ला आणि धूर सोडत चालू झाली. मागच्या लोकांनी अशी आरोळी ठोकली की वरच्या खिडक्या उघडल्या. मी आभार मानायलाही थांबले नाही. थांबायची भीती होती. दवाखाना येईपर्यंत चार जण गाडीच्या बाजूने चालत, "हटो, हटो" करत रस्ता मोकळा करत होते.

डॉक्टरांनी मनगट ओढून बसवलं तेव्हा सासऱ्यांनी माझा हात घट्ट पकडला. प्लास्टर ओलं असतानाच त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "सुनेनं आनला मना. धुक्यात." डॉक्टर म्हणाले, "बरं." सासऱ्यांना हे उत्तर फार कमी वाटलं असावं. त्यांनी कंपाउंडरलाही सांगितलं. मग बाहेर बसलेल्या दोन पेशंटांनाही.

त्या हिवाळ्यात गाडी माझ्याकडे आली. प्लास्टरमधल्या हाताने सासरे आत बसून चोक सांभाळायचे आणि हँडल मी मारायची. पहिले काही दिवस मला ते अर्ध्यावरच नेता यायचं. सासरे आतून ओरडायचे, "अंगठा! अंगठा बाहेर!" शेजारच्या बायका कुंपणाशी उभ्या राहून बघायच्या. पदर कमरेला खोचून, पाय रोवून, खालून वर ओढायचं, हे मला जमायला वेळ लागला. ज्या दिवशी माझ्या हाताने गाडी पहिल्यांदा चालू झाली त्या दिवशी मी अंगणात उडी मारली आणि कुंपणापलीकडून एकीने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी नवरा घरी आला तर त्याला माझ्या तळहातावरचे फोड दाखवायला सासरेच पुढे. "बघ," ते म्हणाले, "हात बघ सुनंचं." जणू मेडल दाखवत होते.

संक्रांत होऊन गेली आणि माघात प्लास्टर निघालं. मनगट वाळकं आणि कडक झालं होतं, पूर्ण वळत नव्हतं. एका सकाळी सासरे सरळ चालवायच्या जागेवर जाऊन बसले. मी हँडल मारलं, गाडी चालू झाली, मी बाजूला बसले. गावाबाहेरच्या पहिल्या वळणावर त्यांनी स्टिअरिंग ओढलं आणि त्यांचा हात अर्ध्यातच थांबला. डाव्या हाताने कसंबसं वळवून त्यांनी गाडी कडेला घेतली. थोडा वेळ ते समोरच्या वालाच्या शेताकडे बघत राहिले. इंजिन चालू होतं. मग खाली उतरून, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं.

"सरक तिकरं," ते म्हणाले. "तूच घे."

मी सरकले. क्लच दोनदा दाबून गिअर टाकला. घरी येईपर्यंत त्यांनी मला एकही सूचना दिली नाही, आणि मला ते फार जड गेलं.

डॉक्टरांनी हात गरम पाण्यात धरायला सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मग वज्रेश्वरीच्या कुंडात धरा. देवीचंही दर्शन व्हईल." सासऱ्यांना वाटलं त्या बसने जायचं म्हणतायत. पण रविवारी सकाळी सासूबाई नवीन लुगडं नेसून, हातात तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन शेडपाशी उभ्या. तोंडाला पदर. म्हणाल्या, "चक्कर आली तर थांबवायची." सासऱ्यांनी मागच्या सीटच्या स्प्रिंगा टोचतात म्हणून त्यांना पुढे बसवलं आणि स्वतः मागे बसले.

वाडा गावाकडच्या रस्त्याला लागल्यावर ऊन वर आलं. धुकं विरत होतं, माळावर पिवळं गवत चमकत होतं, आणि वारा थंड असला तरी अंगाला बरा वाटत होता. अशा सकाळी ती गाडी खरंच गोड चालायची. इंजिन एका सुरात, फार जोरात नाही, आणि चारी बाजूंच्या काचा हलक्याशा वाजत. सासूबाईंनी थोड्या वेळाने तोंडावरचा पदर काढला. मग कोपर खिडकीत ठेवलं. रस्त्याने जाणारी माणसं वळून बघायची तेव्हा त्या जरा सावरून बसायच्या.

वज्रेश्वरी थोडंसंच राहिलं असताना चढावर रेडिएटरच्या पाइपातून पाणी गळायला लागलं. मी गाडी थांबवली. सासऱ्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून एका हाताने पाइपाला गुंडाळायला घेतली, मी गाठ मारली. पाणी हवं होतं. रस्त्याच्या वर एक आदिवासी पाडा होता. तिथून एक म्हातारी बाई, कमरेला आखूड लुगडं, हंडा घेऊन खाली आली. आम्ही न मागताच. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, दिव्यांत स्वतःचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "कवाची हाय ही?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई खाली उतरल्या. "आमचीच हाय," त्या म्हणाल्या. "गोऱ्या साहेबाच्या जमान्यातली. अशी आता कुठं भेटत न्हाय. आमची सून चालवते."

बॉनेटशी उभ्या सासऱ्यांच्या हातातली उरलेली पट्टी गळून पडली. ते बायकोकडे बघतच राहिले.

"बैलावानी हाय," ती बाई म्हणाली. "पानी पाजा, चालंल." आणि स्वतःच हंडा वर धरून ओतायला लागली. सासूबाईंनी डब्यातले लाडू तिच्या ओंजळीत दिले. ती तिथेच रस्त्याच्या कडेला बसून एक खायला लागली आणि आम्ही निघालो तेव्हा तिने गाडीच्या मागच्या बाजूवर एक थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

कुंडाच्या पायरीवर दोघं शेजारी बसली. सासऱ्यांनी मनगट पाण्यात धरलं, सासूबाईंनी पाय सोडले. गंधकाचा वास, वर वाफ, आणि थंडीत अंघोळ करायला आलेल्या पोरांचा आरडाओरडा. पाणी पोळत होतं. सासरे दात आवळून हात आत धरत होते आणि सासूबाई, "अजून, अजून जरा," म्हणत त्यांचा कोपर धरून दाबत होत्या. मी वरच्या पायरीवर बसून दोघांकडे बघत होते. बऱ्याच वेळाने सासऱ्यांनी हात बाहेर काढला, मनगट थोडं वळवून पाहिलं आणि मला म्हणाले, "डबा आन. हिच्यासाठी पन गरम पानी घेऊ." मी डबा भरून आणला, फडक्याने गाळून रेडिएटरमध्ये ओतला. त्यांच्या मते त्यामुळेच गाडी पहिल्या हँडलला चालू झाली. मी वाद घातला नाही.

परत निघालो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मी मागून सूचनांची वाट बघत होते: गिअर बदल, कडेने घे, समोर सायकल हाय. काहीच येईना. आरशात पाहिलं तर सासरे मागच्या सीटवर कलंडले होते, मान मागे, तोंड उघडं, भाजलेलं लालसर मनगट मांडीवर पालथं ठेवलेलं. ते झोपले होते. त्या गाडीत त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सासूबाईंनीही मागे वळून पाहिलं. मग माझ्याकडे सरकून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "झोपलं ते. आता जरा पलव गो."

अंबाडी नाक्याच्या पुढचा रस्ता सरळ होता आणि मोकळा होता. मी पळवली.